हॉकीच्या मैदानावर मेंढरं

शिरूरच्या कॉलेजात मी पंचवीसेक वर्षं मुलींना हॉकी शिकवली. हे सांगितलं की लोक आधी हसतात. शिरूरला हॉकी? हो, शिरूरलाच, आणि तीही मुरमाच्या मैदानावर, जिथे सरळ मारलेला चेंडू वाटेतला एखादा खडा भलतीकडेच पाठवतो. त्यामुळे वेडावाकडा उडालेला चेंडू अडवण्यात माझ्या मुलींचा हात कुणी धरला नसता.

मी मूळची पुण्याची, तोंडाची फटकळ. मुली माझ्या मागे माझी नक्कल करायच्या हे मला ठाऊक होतं. चांगली करायच्या.

नव्वदीच्या अखेरीस आमच्याकडे जेमतेम अकरा मुली होत्या. त्यातली गोलकीपर धनगराच्या घरची. आजोबांपर्यंत भटकंती, वडिलांच्या काळात घर शेतीवर स्थिरावलेलं, तरी मेंढरं दारात होतीच. कळपातून फुटणारं कोकरू अडवत वाढलेली ती पोर. दोन खांबांमधून तिची नजर चुकवून काही आत जात नसे. इतक्या वर्षांत अशी एखादीच हाताला लागते. पण तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या शबदाला मान म्हनून यंदा खेळू देतो. म्होरल्या सालाला न्हाई." मी वाद घातला, चहा अर्धा टाकून उठून आले. घरी येईपर्यंत डोळे भरून येत होते, रागाने की कशाने कोण जाणे.

त्या वर्षी दौंडचा संघ पहिल्यांदाच आमच्याकडे खेळायला येणार होता. एरवी आम्हीच एसटीने दौंडला जायचो, रेल्वे क्वार्टर्समध्ये स्टिक धरतच वाढलेल्या मुलींकडून सपाटून हरायचो आणि स्टेशनाबाहेर भजी खाऊन ते विसरायचो. आता पाहुणे घरी येणार म्हटल्यावर आम्ही आठवडाभर खडे वेचले, रोलर ओढला, आदल्या संध्याकाळी फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा मारल्या.

सामन्याच्या सकाळी मी गेटातून आत आले आणि जागच्या जागी थबकले. या गोलपासून त्या गोलपर्यंत लेंड्याच लेंड्या. रेघा खुरांनी पार पुसलेल्या. आणि खांद्यावर घोंगडी टाकलेले गोलकीपरचे वडील शेवटची चार मेंढरं बाहेर हाकत होते.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीचा खेळ बंद करायचा होता तर करायचा, पण असा सूड उगवायचा का, एवढं मात्र नक्की विचारलं. त्यांनी शेवटचं मेंढरू गेटाबाहेर काढलं आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पॅड बांधणाऱ्या त्यांच्या मुलीने पट्टा अर्ध्यावरच सोडून दिला.

शेवटी आमचे शिपाई मामा मध्ये पडले. "मॅडम, जरा दमानं. गेट मीच उघडून दिलं, मॅचचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं. अवो, खतासाठी रानात रातभर मेंढरं बसवाया लोक जवारी देत्यात, हातापाया पडत्यात. ह्यांनी फुकाट बसवली."

"मग इथे काय ज्वारी पेरायची आहे?" मी ओरडले.

तेव्हा वडील बोलले. "पोरगी रोज गुडघं फोडून येती. येऊन बघितलं तर समदा मुरूम. म्हनलं, मेंढरं बसली तर पावसात गवात धरंल, मऊ हुईल. मॅच आजच हाय ते न्हवतं म्हाईत."

मला भयंकर लाज वाटली. मग म्हणाले, "चुकलं माझं, आप्पा." माझ्या तोंडून हे शब्द मुलींनी कधी ऐकले नव्हते. दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या.

त्यानंतर खराटे आले. दौंडचा संघ पोचला तेव्हा आम्ही सगळ्या मैदानभर वाकलेल्या होतो. त्यांचे कोच रेल्वेतून निवृत्त झालेले, मिशीतसुद्धा न हसणारे. त्यांनी एकदा मैदान पाहिलं, एकदा मला पाहिलं आणि आपल्या मुलींना म्हणाले, "स्टिका ठेवा खाली. झाडू घ्या." आप्पा पाटीत लेंड्या भरून नीट कडेला ढीग करत होते. टाकून द्यायला ते तयारच नव्हते. पंच घड्याळ बघून कंटाळले आणि तेही एक खराटा घेऊन आले.

सामना तासभर उशिरा सुरू झाला. आप्पा गोलमागे उभे. चेंडू जवळ आला की मेंढरांना घालतात तशी "हर्रर्र" हाळी घालायचे, आणि त्यांची लेक चेंडूवर झेप घ्यायची. पंचांनी दोनदा दटावलं, आप्पांना ऐकूच गेलं नाही. एक-एक अशी बरोबरी झाली. दौंडशी बरोबरी! मुलींनी मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आम्ही सगळ्याच खाली पडलो.

कपडे झटकत उठले तर आप्पा समोर. पोरीचा खेळ आता बंद, हेच सांगायला आले असतील असं मला वाटलं.

"मॅडम, म्होरल्या सालाची मॅच कवा हाय?"

"का हो?"

"आधी सांगा. म्हंजी महिनाभर आदुगरच मेंढरं बसवतो. पोरीला अजून दोन सालं पडायचं हाय हितं."