माझी नणंद

हळद शिजल्याचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. पंचाहत्तर सालाच्या सुमारास, सांगलीजवळच्या आमच्या मळ्यात हळदीची काहील चढलेली असताना माझा नवरा लुगडं नेसून सगळ्यांसमोर आला. “मी लहानपणापासनं बाईच हाय, आता लपवायचं न्हाई,” एवढंच तिनं सांगितलं. मला ते आधीच ठाऊक होतं, माझं रडूनही झालं होतं. सासऱ्यांनी मात्र डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि म्हणाले, “माझा ल्योक मेला.” सासूबाई माझ्या बांगड्या फोडायला दगड घेऊन आल्या, आणि सुट्टीवर आलेला माझा फौजी भाऊ म्हणाला, “फोडू दे आक्का, दुसरं स्थळ बघू की.” तिच्याकडं एकानंही बघितलं नाही. मी हात हिसडून ओरडले, “आवं, जितं माणूस समोर उभं हाय, आन् बांगड्या कुणाच्या नावानं फोडताय?” त्याच दुपारी आम्ही दोघी एस.टी.नं साताऱ्याला आलो. खोली मिळावी म्हणून घरमालकिणीला मी सांगितलं, “ही माझी नणंद.” पुढं जन्मभर सगळ्यांना तेच सांगावं लागलं. मागच्या वर्षी ती गेली, तर शेजारणी मलाच म्हणाल्या, “नणंदेसाठी कुणी एवढं रडतं का?”