अंगण चोपायला आलेली माणसं

जव्हार संपून मोखाड्याचा रस्ता लागतो तिथला माळ सपाट करून एका बिल्डरनं एकसारख्या घरांच्या दोन रांगा उभ्या केल्या. त्यातलं कोपऱ्यावरचं रो-हाऊस कमलेशनं घेतलं. कचेरीतला कारकून, चाळिशीच्या अलीकडचा, माणूस सरळ. पण किल्ली हातात आल्यापासून त्याची मान जरा ताठच झाली होती. चहाच्या टपरीवरसुद्धा 'आमच्या सोसायटीत' अशी सुरुवात केल्याशिवाय त्याला बोलता येईना. बायको प्रमिला हसायची. नळाला पाणी आलं नाही अजून आणि यांची सोसायटी झाली, म्हणायची.

शेजारी विद्युल्लताबाई आधीच राहायला आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, बोलायला मोकळ्या, मनानं वाईट नव्हेत. पहिल्याच दिवशी त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा पाठवला आणि गाव कुठलं म्हणून विचारलं. कमलेश म्हणाला, जव्हारच. तसं ते खोटं नव्हतं, तालुका तोच. साखरशेतच्या अंगाचा आपला पाडा तेवढा सांगायचा राहिला. पुढं बाई गप्पांच्या ओघात पाड्यांवरच्या लोकांबद्दल काहीबाही बोलत, त्यांना आत घेऊ नये, फरशी खराब करतात वगैरे, तेव्हा तो 'हो ना' म्हणायचा. हे 'हो ना' त्याला रात्री टोचायचं, पण सकाळी पुन्हा तोंडातून तेच निघायचं.

पाड्यावर त्याची थोरली बहीण होती, जिजा. आई-बाप वीटभट्टीवर जात तेव्हा त्याला तिनंच वाढवलेलं. दहावीच्या परीक्षेला ती त्याच्याबरोबर जव्हारला यायची आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या कुंपणाबाहेर बसून राहायची. आत काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण भाऊ बाहेर आला की त्याच्या तोंडाकडे बघून पेपर कसा गेला ते बरोबर सांगायची. घर घेतल्याचं त्यानं सगळ्यात आधी तिलाच फोनवर सांगितलं होतं, आणि गुरुवारी पूजा करून राहायला जाणार, पूजेला या म्हणूनही सांगितलं होतं.

आता पाड्याची रीत अशी, की नवं घर झालं की राहायला जायच्या आधी अंगण चोपायचं. घरधन्यानं एकट्यानं नव्हे, भाऊबंदांनी मिळून. धुमसानं जमीन बडवून घट्ट करायची, शेणानं सारवायची, आणि ते वाळलं की बहिणीनं पाण्याचा हंडा घेऊन घरात पहिलं पाऊल टाकायचं. याला कुणी कुणाला बोलावत नाही. घर झाल्याचं कळलं की माणसं येतात. कमलेशनं लहानपणी कितीतरी अंगणं अशी चोपली होती. पण स्वतःच्या घराच्या वेळी ही गोष्ट त्याच्या मनातसुद्धा आली नाही.

रविवारी प्रमिला तिच्या आईला आणायला खोडाळ्याला गेली होती. कमलेश गेटाशी उभा राहून नावाची पाटी नीट लागली का ते बघत होता, तेवढ्यात रस्त्यानं माणसं येताना दिसली. पुढं जिजा, डोक्यावर शेणाची पाटी. मागं बाळ्याकाका, खांद्यावर धुमस. त्यांच्यामागं त्यांची सून सकू आणि भावकीतली दोघं-तिघं, फावडी आणि घमेली घेऊन. नागली खळ्यावर तशीच टाकून ही माणसं पहाटे निघाली होती. जिजानं गेटाबाहेर चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि थबकली. खाली सगळीकडे लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवलेले.

"कमलेस," ती म्हणाली, "अंगण कुठं रं?"

कमलेशला एकदम सगळं आठवलं, आणि त्याच क्षणी त्याला पलीकडच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या विद्युल्लताबाईही दिसल्या. बाई भिंतीवरून वाकून बघत होत्या. त्यांनी घमेली पाहिली, फावडी पाहिली आणि आनंदानं विचारलं, "मजूर मिळाले वाटतं तुम्हाला? माझं डबर महिनाभर पडलंय हो."

यावर नाही म्हणायला फार धाडस लागत नव्हतं. ही माझी बहीण, एवढे तीन शब्द पुरे होते. कमलेशनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "हो, आजच बोलावलेत."

जिजा दोन पावलांवर उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. परीक्षेनंतर बघायची तसंच पाहिलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं. काकांचं तोंड लाल झालं, ते काहीतरी बोलणार होते. जिजानं त्यांच्या दंडाला हात लावला, शेणाची पाटी भिंतीच्या कडेला ठेवली आणि बाईंना विचारलं, डबर कुठं टाकायचं.

दिवसभर त्यांनी बाईंच्या मागच्या अंगाचं डबर उचललं. फुटक्या फरशा, विटांचे तुकडे, सिमेंटचे दगड झालेले गोळे. कमलेश घरात जाऊन खिडकीमागं उभा राहिला. मग बाहेर येऊन उगाच गेटाशी घुटमळला. दुपारी त्यानं हॉटेलातून भजी-पाव आणले आणि कुंपणाशी नेऊन दिले, मालकानं द्यावेत तसे. सकूनं 'घेतो साहेब' म्हटलं. ती टोमणा मारत नव्हती. जिजानं सगळ्यांना बजावलं होतं, भावाला खाली बघायला लागेल असं कुणी वागायचं नाही. कमलेशला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं, आणि तरी तो बोलला नाही. सकाळी बोलणं सोपं होतं. दर तासाला ते अवघड होत गेलं.

संध्याकाळी बाईंनी मजुरी दिली. जिजानं ती मोजली, कारण मजूर मोजतात, आणि पदराला बांधली. बाई कमलेशला म्हणाल्या, फार चांगली माणसं मिळाली हो तुम्हाला, नंबर घेऊन ठेवा.

तो त्यांच्या मागोमाग जीपच्या थांब्यापर्यंत गेला, थोडं अंतर ठेवून. अंतर ठेवतोय हे त्याचं त्यालाच कळलं तेव्हा पावलं भराभर उचलून त्यानं त्यांना गाठलं. बाळ्याकाका त्याच्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले. जिजा मात्र खाली थांबली.

"आत किती खोल्या हायेत?" तिनं विचारलं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, तिनं घर पाहिलंच नव्हतं. दिवसभर भिंतीपलीकडे होती आणि उंबरा तिनं ओलांडला नव्हता. मग तो रस्त्याच्या कडेला उभा राहून सांगत बसला. खाली हॉल, स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. खिडकी उगवतीला. देव स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. ती प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणत होती, खुशीनं म्हणत होती, हेच त्याला सोसेना.

"बाय, चल ना आता. बघून जा," तो म्हणाला. "पुढची जीप मिळंल."

"आता कशी येऊ? ती बाई दारातच हाये. काय सांगशील तिला?" जिजानं रिकामी पाटी काखेत धरली. "आनि गुरवारीबी मी येत नाय. ती मला वळखील. हंडा प्रमिलाच्या आईच्या हातात दे."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती चढली. काकांच्या शेजारी जागा करून बसली आणि तिथून तिनं त्याला हातानं घरी जा म्हणून खूण केली.

नाही, तू यायचंच, मी सांगतो बाईंना, असं त्यानं म्हणायला हवं होतं. जीप हलेपर्यंत वेळ होता. पण तिनं येत नाही म्हटलं तेव्हा कमलेशला हायसं वाटलं होतं. अगदी आतून, मोठं ओझं उतरावं तसं. जीप वळणाआड गेल्यावर त्याला ते उमगलं, आणि तो तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसला.