कोकम कमी पडलाय

जनामावशी कोळीण मासे विकायला आमच्या चाळीत यायची, तेव्हा तिच्या हाकेआधी तिची टीका ऐकू यायची. नायगावच्या बीडीडी चाळीचा जिना चढता चढता ती वासावरून कुणाच्या घरी काय बिघडलेय ते सांगायची. "अकरा नंबरात कोकम कमी पडलाय." "कुनी लसूण जाळली गो?" बायका चिडायच्या, पण दुसऱ्या दिवशी कोकम जास्त घालायच्या.

माझी आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. शाळा चौथीलाच सुटली होती. गिरणीचा संप चालू होता आणि वडील दिवसभर दारात बसून असायचे. स्वयंपाक माझ्याकडे आला. तो कसाही झाला तरी शेजारणी चव घेऊन "छान झालंय हो" म्हणायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. वडील पानात पडेल तेवढेच जेवून उठायचे.

एकदा मावशीने मूठभर मांदेली माझ्या ताटलीत टाकली आणि आत डोकावली. "मसाला नाय घालत काय तू? हलदीचा पाणी केलंस नुसता."

"संपला," मी म्हटले.

ते खोटे होते. आईने शेवटच्या मे महिन्यात केलेल्या मालवणी मसाल्याची बरणी मी फळीवर डब्यांमागे लपवली होती. कालवणात घातला तर तो संपणार होता. रोज दुपारी मी झाकण काढायची, वास घ्यायची आणि पुन्हा फडके बांधून ठेवायची. आईच्या पदराला तोच वास असे.

पावसाळ्यात एके दिवशी बरणी उघडली तर मसाल्याच्या गाठी झालेल्या आणि किडे फिरत होते. रोज उघडून मीच ओल आत घेतली होती. आई दुसऱ्यांदा गेली असे मला वाटले. मावशी सुकट घेऊन आली तेव्हा मी बरणी मांडीवर धरून बसले होते. तिने टोपली उतरवली.

"रोज उघडत होतीस?"

मी मान हलवली.

"आयशीने ह्यो तुमच्या पोटात जायाला केला गो बाय. हुंगायला नाय."

मग सुकट तशीच ठेवून ती गॅलरीत चाळणी घेऊन बसली. गाठी फोडल्या, किडे निवडले, उरलेला वाटीभर मसाला तव्यावर गरम केला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचा मसाला आणून त्यात मिसळला. वर हिंगाचा खडा ठेवायला लावला. "आमचा कोल्याचा, तुमचा मालवणी. नांदतील एका बरणीत. दर साली नव्यात मूठभर जुना टाकायचा, इरजणासारखा. मंग संपत नाय."

त्या दिवशी मी सुकटीचे कालवण केले. वडिलांनी आई गेल्यापासून पहिल्यांदा पुन्हा भात मागितला. कालवण चाखून निघालेली मावशी जिन्यातून ओरडली, "मीठ कमी हाय." मला हसू आले. आईही अशीच ओरडायची.

पुढे बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळवून मी तिला विचारले, "तुला आई म्हणू?"

ती सुकट निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुझी आयस बरणीत हाय. मना मावशीच म्हन. वरडायला मावशी पुरते."

लग्न होऊन मी परळला आले. दर मे महिन्यात ती दोन जिने चढून यायची, जुन्या मसाल्याची मूठ नव्यात पडली का ते बघायची आणि मगच पाणी मागायची. पुढे तिचे गुडघे गेले, मग डोळे. शेवटी कफ परेडच्या मच्छीमार नगरात ती लेकाकडे पडून असायची. एकदा मी कालवणाचा डबा घेऊन गेले. दारातून मी हाकही मारली नव्हती.

"कोकम कमी पडलाय," ती म्हणाली. मग उठून बसली, पोटभर जेवली आणि वाटी बोटाने पुसून घेतली.

त्याच महिन्यात ती गेली. यंदाही मी नव्या मसाल्यात जुन्याची मूठ टाकली. मुले, सून, सगळे म्हणतात कालवण छान झालंय. ते ऐकून घेते आणि आणखी दोन कोकमे टाकते.