भटक्याच्या झग्याला रफू

रफूताईंना भोक बघवत नाही. कापडातलं भोक, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण संसारातली, पगारातली आणि शेजारणीच्या बोलण्यातली भोकं त्या बिनबोभाट खपवून घेतात. पण समोरच्या माणसाचा स्वेटर कोपराशी विरलेला दिसला की त्यांची बोटं शिवशिवायला लागतात. एकदा दवाखान्याच्या रांगेत एक अनोळखी गृहस्थ डुलकी काढत होते, तेवढ्यात ताईंनी त्यांच्या बाहीला रफू करून टाकलं. गृहस्थ जागे होऊन निघून गेले, त्यांना पत्ताही लागला नाही. ताईंच्या मते रफूची खरी पावती हीच. जे दिसलं, ते रफू फसलं.

त्यांचं दुकान जिन्याखालच्या खोलीत आहे. एक टेबल, वाकवता येणारा दिवा, एक भिंग आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की ताईंना पाय पोटाशी घ्यावे लागतात. कामाची पद्धत त्यांच्या आईकडून आलेली. बाजारचा दोरा वापरायचा नाही. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे उपसायचे आणि त्याच धाग्यांनी भोकावर पुन्हा वीण बसवायची. काम झालं की खाकी कागदात गुंडाळायचं, सुतळीने बांधायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. घरात एकही फाटकी वस्तू शिल्लक नाही. नवऱ्याने एक जुना, जाळी झालेला बनियन तेवढा माळ्यावरच्या सुटकेसमध्ये लपवलाय, आणि उकाड्याच्या दिवसांत तो चोरून घालतो.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारते आणि घरी आली की तोंडाला कुलूप. सुट्टीच्या दिवशी भलीमोठी बॅग घेऊन कुठेतरी जायची आणि केसांना निळा रंग लावून परतायची. ताईंनी विचारलं की एकच उत्तर, "तुला नाही कळणार गं." उत्तर लहानसंच होतं, पण ताईंच्या मनात ते काट्यासारखं सलत राहिलं.

आणि एके दिवशी तिने आपणहून दुकानात येऊन टेबलावर एक काळपट झगा ठेवला.

"आई, याच्या गळ्याला एक हूक लावून दे. आणि रविवारी चल माझ्याबरोबर. ॲनिमेचं संमेलन आहे. मी स्टेजवर जाणार आहे."

"कसलं? कार्टूनचं?"

"ॲनिमेचं. जपानी मालिका असतात त्या. तू ये तर खरी. मी काय करते ते एकदा बघ."

ताई हरखल्या, आणि हरखल्या तशाच घाबरल्याही. पोर पहिल्यांदा बोलावतेय. यावेळी काही चुकलं तर पुन्हा बोलावणार नाही, एवढं त्यांना आई म्हणून पक्कं ठाऊक होतं. तेव्हा काम असं करून द्यायचं की पोरीने बघतच राहावं, असं त्यांनी ठरवलं.

मुलगी गेल्यावर त्यांनी झगा उलगडला आणि कपाळावर हात मारला. जिकडे बघावं तिकडे भोकं. काही करपलेली, काही घासून विरलेली, खालचा काठ तर चिंध्या चिंध्या. त्यात डाव्या खांद्यावर जाड लाल दोऱ्याचे वेडेवाकडे टाके, जणू कुणी डोळे मिटून घातलेले. रफूवालीची मुलगी या अवतारात चारचौघांत उभी राहणार? लोक काय म्हणतील ते म्हणोत, ताई स्वतःच स्वतःला काय म्हणतील!

त्यांनी बाकीची कामं बाजूला सारली. सगळ्यात आधी ते लाल टाके उसवले, कारण ते समोर असताना त्यांना धड श्वासही घेता येईना. मग झग्याच्या दुमडीतून धागे उपसत एकेक भोक बुजवलं. शनिवारी संध्याकाळी झगा कोरा करकरीत होऊन खाकी कागदात गेला. हूकही लावला होता.

संमेलनाच्या दारातच ताईंना शिंगं, पंख आणि शेपट्या भेटल्या. एका मुलीची कोल्ह्याची शेपटी फिरत्या दारात अडकली होती आणि ती दाराबरोबर गोल गोल चालत होती. एक उंच तरुण स्वतःपेक्षा लांब तलवार घेऊन उभा होता. तो अदबीने म्हणाला, "काकू, जरा जपून हं. थर्माकोलची आहे, मोडेल." ताईंना नवल वाटलं ते शिंगांचं नव्हे, शिवणींचं. अर्धी गर्दी टाचण्यांवर आणि गोंदावर उभी होती. त्यांनी पर्समधली सुईदोऱ्याची डबी दोनदा उघडली आणि दोन्ही वेळा मुलीने ती बंद करायला लावली.

शेपटीवाली दारातून सुटून आली आणि ताईंना आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "काकू, तुम्ही कोण झालाय?"

"मी? मी आई आहे."

"कुठल्या मालिकेतली?"

"हिची," ताई मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"असं होय! मला वाटलंच. ॲनिमेतली आई इतका वेळ टिकत नाही. पहिल्याच भागात मरते."

"मी आहे अजून," ताई जरा घुश्शातच म्हणाल्या.

कपडे बदलायच्या खोलीत मुलीने सुतळी सोडली, कागद बाजूला केला आणि झगा झटकला. मग तो उलटा केला. मग उजेडाकडे धरला.

"आई, भोकं कुठे गेली?"

ताई याच क्षणाची वाट बघत होत्या. "शोध बरं!" त्या ऐटीत म्हणाल्या.

मुलगी मटकन बाकावर बसली. ताईंना आधी वाटलं, कौतुकाने बसली. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला.

"मी ती केली होती, आई. काचकागदाने घासून, मेणबत्तीवर जाळून. मालिकेतल्या भटक्याचा झगा आहे हा. प्रत्येक भोक एकेका लढाईचं आहे, इथल्या प्रत्येकाला ती पाठ आहेत." तिने डावा खांदा चाचपला. "आणि इथला लाल टाका?"

"तो तर मी आधीच काढला. काय तो टाका, सोने! कुणी बघितला असता तर..."

"तो त्याच्या आईने घातला होता."

ताईंनी खांद्यावरची ती जागा बोटाने चाचपली.

"तो घर सोडून निघतो तेव्हा झगा फाटकात अडकून फाटतो. ती घाईघाईत तसाच शिवते. हाताला लागेल त्या दोऱ्याने. त्यानंतर त्यांची भेटच होत नाही. जगात सगळ्यांनी त्याचा झगा फाडला, आई, शिवला एकटीने." मुलगी झग्याची घडी घालायला लागली. "म्हणून तर तुला बोलावलं होतं. जाऊ दे. मी नाव काढून घेते."

"खबरदार," ताई म्हणाल्या. "आण तो इकडे."

बोलून तर बसल्या, पण कात्री हातात घेतल्यावर हात पुढे जाईना. आयुष्यभर दुसऱ्यांचं फाटलेलं झाकलं, स्वतः होऊन कापड कधी फाडलं नव्हतं. शेवटी त्यांनी कात्री ठेवली, सुई घेतली आणि बाहेरच्या व्हरांड्यात उजेडाला फतकल मारून आपलंच रफू उसवायला घेतलं. अडचण अशी की रफू इतकं बेमालूम उतरलं होतं की मुलीला एकही जागा सापडेना. बोटाने चाचपून जागा लागत होती ती फक्त ताईंना. आपणच घातलेली वीण सोडवताना त्या मान वर करून आजूबाजूला बघत होत्या. एखादं गिऱ्हाईक इकडे फिरकलं तर पोटावर पाय यायचा.

गिऱ्हाईक नाही, पण भुतंखेतं जमली. तलवारवाला तलवार भिंतीला टेकवून मांडी घालून बसला. "काकू, डाव्या बरगडीवर विसरू नका. तिथे भाला लागला होता."

"कुणी मारला मेल्याने?"

"त्याच्या गुरूने."

"गुरूने?" ताईंनी ते भोक जरा रागातच मोकळं केलं.

पाठीवरच्या लांबट भोकावरून शेपटीवालीचं आणि तलवारवाल्याचं चांगलंच जुंपलं. ती म्हणे बाण, तो म्हणे गिधाडाची नखं. दोघांनी फोन काढून एकमेकांच्या नाकासमोर चित्रं धरली. इतका वेळ गुडघ्यांत डोकं घालून बसलेली मुलगी हळूच म्हणाली, "ते चित्रात नाहीच. आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यात अडकून फाटलं होतं." सगळे खो खो हसले. तीही हसली आणि ताईंचा अर्धा जीव भांड्यात पडला.

उरलेला अर्धा खांद्याशी अडकला होता. शेपटीवालीने लाल दोरा दिला. ताईंनी टाके घातले: सरळ, एका मापाचे, बघत राहावे असे.

"वाकडे हवेत गं," मुलगी म्हणाली.

ताईंनी उसवले आणि पुन्हा घातले. यावेळी वाकडे आले खरे, पण सगळे सारखेच वाकडे, जणू कुणी नक्षी काढलीय. डाव्या हाताने घालून पाहिले, तर ते सोंग वाटायला लागले. आयुष्यभर वळण लावलेला हात, आता वळण मोड म्हटलं तर ऐकेना.

"तूच घाल बाई," ताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "आधी तूच घातला होतास ना?"

"नाही," मुलगी म्हणाली. "आता तूच घाल."

ताईंनी तिसऱ्यांदा उसवलं, आणि नेमकी तेव्हाच कर्ण्यावरून हाक आली. भटक्याने ताबडतोब स्टेजकडे यावं.

मुलीने झगा अंगावर ओढला आणि धावत सुटली. खांदा उघडाच! ताई सुई घेऊन तिच्यामागे. पुढे शेपटीवाली "सरका, सुई आहे, सुई आहे!" असं ओरडत वाट काढतेय, मागे थर्माकोलची तलवार सांभाळत तो उंच तरुण, आणि मधे ताई पोरीच्या खांद्याला धरून चालता चालता टाके घालतायत. चष्मा नाकावरून घसरला. पायऱ्यांवर बोटात सुई रुतली. डोळ्यांत पाणी आलेलं, आणि कापड कुठे नि बोट कुठे ते दिसत नव्हतं. पडद्यापाशी कुणीतरी मुलीला पुढे ढकललं. दोरा तोडायचाही राहिला.

झोतात झगा आला. ताईंनी चष्मा वर सारला. खांद्यावर टाके पडले होते: एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. खाली दोरा लोंबत होता आणि दोऱ्याच्या टोकाला सुई झोके घेत होती. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम, आणि तेही भरल्या सभागृहात! ताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सूत्रसंचालक वाकून बघू लागला. "हा टाका तर थेट पहिल्या भागातला! कुणी घातला?"

"माझ्या आईने," मुलगी म्हणाली. "ती काय, पडद्यामागे उभी आहे."

पहिल्या भागात गेलेली आई जिवंत सापडल्यावर लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ताई पडद्यात आणखी आत शिरल्या. पडद्याला एक भोक होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि टाळ्या थांबेपर्यंत काढलं नाही.

बक्षीस एका पंखवाल्याला गेलं. तो दारातून मावत नव्हता म्हणून बक्षीस त्याला बाहेर नेऊन द्यावं लागलं. मुलगी पडद्यामागे आली आणि तिने खांदा पुढे केला. शाळेच्या वेळी अंगावरच गणवेशाचं बटण लावून झालं की दोरा जसा दातांनी तोडायच्या, तसा ताईंनी तो तोडला. बोटं शिवशिवत होती. तिसरा टाका तेवढा नीट करावा, असं फार वाटत होतं. त्यांनी सुई डबीत ठेवली आणि डबी बंद केली.

परतीच्या बसमध्ये मुलीने झगा काढलाच नाही. भोकांतून वारा येत होता. ती म्हणाली, "कळलं का गं काही?"

"सगळं कळलं," ताई म्हणाल्या. त्या अजून खांद्याकडेच बघत होत्या. "फक्त दोरा दुहेरी घ्यायला हवा होता त्याच्या आईने. लांब जायचं होतं ना पोराला."