स्वयंपाकघर असलेली खोली

मी वीजचोरी शोधणाऱ्या पथकात नोकरी करतो. कुणाच्या घरात नाहीतर कारखान्यात जायचं, मीटरचं सील बघायचं, आणि समोरचा माणूस ‘साहेब, आधी चहा घ्या’ म्हणाला की आणखी बारकाईनं बघायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे घरी आलो तरी डोळे तसेच राहतात. लग्नाला गेलो तरी मांडवाची वायर कुठून ओढलीय ते मी आधी बघतो, मग नवरानवरीकडे.

म्हणून ‘अभिनंदन सर, तुमच्या कुटुंबाची निवड झालीय’ असा फोन आला तेव्हा मी एक शब्द न बोलता ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत आला, परत ठेवला. मग तो बायकोच्या मोबाइलवर गेला. गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात कूपन तिनंच भरलं होतं.

“कशाला भरलंस?”

“फुकट होतं की. पेनसुद्धा त्यांचंच होतं.”

योजना अशी होती: एकदा मोठी रक्कम भरायची, आणि मग पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा त्यांच्या कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहायचं. माहिती ऐकायला आलात तरी भेटवस्तू नक्की. अट एकच, नवराबायको दोघांनीही यायचं. मला ही अटच खटकली. आम्ही एखाद्या कारखान्यात जातो तेव्हा मालक आणि फोरमन यांना वेगवेगळं विचारतो. हे लोक दोघांना एकत्र बसवणार होते. म्हणजे एकानं ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटायची सोय नाही.

तरी गेलो, कारण बायकोनं ठेवणीतली साडी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती.

आमच्या गावातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉटेलातला हॉल होता. गारवा इतका की बायकांनी पदर अंगाभोवती घेतलेले, आणि गाणी इतकी मोठ्यानं की मनात हिशेब जुळवायला जागाच राहू नये. प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक विक्री करणारा. मधूनच कुणीतरी माइकवर ‘आपल्या परिवारात नवीन सदस्य!’ असं ओरडायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यातला एक नवीन सदस्य मला नंतर खाली पार्किंगमध्ये त्यांच्याच टेम्पोत बॅनर गुंडाळून ठेवताना दिसला. कदाचित नुसता मदत करत असेल. मला शंका आली ती आलीच.

आमच्या वाट्याला एक चुणचुणीत मुलगी आली होती. सुरुवातीला ‘सर, मॅम’ म्हणाली, पाणी पिऊन होईपर्यंत ‘काका, काकू’वर आली.

“काका, शेवटची सुट्टी कुठे घालवलीत?”

“तुळजापूर, अक्कलकोट. गाणगापूरला तर दरवर्षी असतंच.”

“ते दर्शन झालं हो काका. सुट्टी?”

मी महाबळेश्वर सांगितलं. जुनी गोष्ट, पण ती मी नेहमी रंगवून सांगतो, तशी तिथंही सांगितली. आई होती, बार्शीचा थोरला भाऊ, वहिनी, दोन्ही घरची पोरं, एक मावशी. आम्ही बंगलाच घेतला होता. गॅस, पीठ, डाळी, शेंगाचटणी सगळं इथून नेलं होतं. “बाहेर एक घास खाल्ला नाही आम्ही. हिनं तर पुरणपोळ्या केल्या होत्या महाबळेश्वरात!”

मुलगी बायकोकडे बघून हसली. “वॉव, काकू!”

बायको हातातल्या कागदी ग्लासाची कड दुमडत होती.

मग मुलीनं खोल्यांचे फोटो उघडले. पलंग, पडदे, बाल्कनी. मी शांतपणे बघत होतो. पुढच्या फोटोत ओटा होता. शेगडी, फ्रिज, मिक्सर, कुकर, ताटंवाट्या मांडलेल्या.

“हे काय, स्वयंपाकघर?”

“प्रत्येक खोलीत असतं काका. तीच तर आमची खासियत.”

आता खरं सांगतो. तिथवर माझा प्रत्येक शब्दावर संशय होता. त्या ओट्याच्या फोटोनं तो गेला. मनात लगेच जमू लागलं: पीठ इथून न्यायचं, सहाजणांची खोली म्हणजे आठजण सहज मावतील, भाऊ, वहिनी, आई. त्यांचा मॅनेजर येऊन ‘ही सवलत फक्त आजच्यापुरती’ म्हणाला तेव्हा माझा हात खिशातल्या पेनाकडे गेलाही होता. बायको उठली.

“घरी जाऊन ठरवू,” ती म्हणाली आणि चालायलाच लागली.

भेटवस्तू कुरिअरनं येणार होती. आली नाही.

घरी आल्यावर मी रीतसर चौकशी सुरू केली. आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “पंचवीस वर्षं? तेवढी वर्षं कंपनी राहील का हे विचारू नका. तुम्ही राहाल का ते बघा.” मग हसणं आवरून म्हणाले, “मे महिन्यात खोली मिळते का, आणि दरवर्षी देखभालीचे म्हणून वेगळे घेतात ते किती वाढू शकतात, एवढं लेखी मागा. बघा देतात का.” मी मागितलं. उत्तर आलं, ‘उपलब्धतेनुसार’ आणि ‘वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे’. कुणाही शहाण्या माणसाला तेवढं पुरलं असतं. पण तो ओटा काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शिवाय तोवर मी बार्शीला भावाला फोन करून बसलो होतो.

“घे की मग!” भाऊ म्हणाला. “आपण सगळेच जाऊ. स्वयंपाकघर आहे म्हणतोस, मग खर्च काय यायचा? बायका दोघी मिळून करतील.”

फोनचा आवाज मोठा होता. बायको शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. काही बोलली नाही. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. घरात माझा हाच धंदा आहे: बाहेर कुणी गप्प बसलं की मला चोरी दिसते, आणि बायको गप्प बसली की मला संमती दिसते.

त्यानंतर तिच्या मोबाइलवर फोन यायला लागले. ती उठून गच्चीत जायची. तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला तर ती तिथंच बसून कानडीत तासभर बोलते, उठत नाही. मग हे कोण? मी विचारलं नाही. विचारायचं सोडून तिच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायला लागलो. वाटलं, त्या मुलीनं हिला एकटीला गाठलंय. ‘काकू, काकांना सांगू नका, तुम्ही नुसती सही करा.’ माहेरून आलेलं तिच्या नावावर थोडं आहे, त्यावर डोळा असणार. एवढी सगळी गोष्ट मी जागच्या जागी रचली, आणि एक दिवस ती अंघोळीला गेल्यावर तिचा मोबाइल उघडला.

लोकांच्या घरात शिरताना आमच्याकडे लेखी आदेश असतो. इथं तोही नव्हता.

तिनं नाव सेव्ह केलेलं होतं. ‘सुट्टीवाली मुलगी’. नंबर घेतला आणि ऑफिसातून फोन लावला. सगळं माहीत असल्यासारखा आवाज काढून म्हणालो, “आमच्या मिसेसचं तुमच्याशी जे बोलणं चाललंय, ते कुठवर आलं?”

“काका, बरं झालं तुम्ही फोन केलात,” ती म्हणाली. “काकूंचा एकच प्रश्न आहे, आणि माझ्याकडे खरंच त्याचं उत्तर नाही. त्यांना स्वयंपाकघर नसलेली खोली हवीय. मी सांगितलं, आमच्याकडे तशी खोलीच नाही. तर म्हणाल्या, मग त्याला कुलूप लावून द्याल का? आणि किल्ली तुमच्याकडेच ठेवाल का? कुणीही मागितली तरी द्यायची नाही. काका, मी मॅनेजर सरांना विचारलं. ते म्हणाले, आजवर असं कुणी मागितलं नाही.”

मी ठीक आहे म्हणालो आणि फोन ठेवला. समोर जप्त केलेल्या मीटरांचा ढीग होता. मी महाबळेश्वर आठवायला लागलो, हिच्या बाजूनं. मला आठवेना. सूर्यास्ताला आम्ही दोघं भाऊ, आई आणि पोरं गेलो होतो, मावशी गाडीत झोपली होती. ही कुठं होती? वहिनी कुठं होती? परत आलो तेव्हा गरम जेवण तयार होतं, म्हणजे कुठं होत्या ते उघड आहे. इतकी वर्षं ती सहल मी लोकांना सांगत आलो, आणि हिनं तिथं काय बघितलं हे मला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घरी गेलो आणि सांगून टाकलं. तुझा मोबाइल बघितला, त्या मुलीला फोन केला, ती काय म्हणाली तेही. बायको भाजी निवडत होती. हात थांबले.

“म्हणजे त्या पोरीला विचारलंत.”

“हो.”

“मला नाही.”

मी तिनं निवडलेली भाजी उगाच चिवडायला लागलो.

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं की हो. त्यात चोरण्यासारखं काय होतं?” एवढं बोलून ती भाजी तशीच टाकून आत गेली. त्या दिवशी आम्ही भात आणि लोणचं खाल्लं. भात मी लावला होता, थोडा करपला.

आता योजना घ्यायची नाही हे ठरलंच होतं. पण भावाला कळवायला हवं होतं, आणि मी सोपी वाट धरली. फोनवर म्हणालो, “कंपनी काही बरी दिसत नाही रे. मे महिन्यात खोल्या देत नाहीत, कागदावर काही धड लिहून देत नाहीत.” भावानं लगेच मानलं. माझं संशय घेणं सगळ्या घराला ठाऊक आहे.

फोन ठेवला तर बायको दारात.

“सगळा दोष त्यांच्यावर घातलात. छान.”

“खोटं काय त्यात? कागद फसवेच आहेत.”

“आहेत की. पण ओटा बघितल्यावर तुम्हाला ते दिसले होते का?”

मी तिच्यासमोर परत बार्शीला फोन लावला. या वेळी वहिनींनी उचलला. मी म्हणालो, “वहिनी, दादाला सांगा, कंपनीचं राहू दे. ती खोली घेतली तर तुम्हा दोघींनी तिथंही रांधायचं, म्हणून घेत नाही. आणि यंदा आम्ही दोघंच कुठंतरी जाऊन येणार आहोत. सगळे नाही.”

आता राग येणार असं वाटलं.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “हे लई उशिरा सुचलं की तुम्हाला.” आणि मोठ्यानं हसल्या. “आता तुमच्या दादाला पण सुचवा. थांबा, तिला द्या फोन.”

बायकोनं फोन घेतला, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

पुढच्या महिन्यात दोन दिवसांसाठी जायचं ठरलंय. साधं हॉटेल आहे, जेवण खाली मिळतं. पण बायकोचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. काल जेवताना तिनं विचारलं, “खोली किती जणांची घेतलीय?” मी म्हणालो, दोघांची. तिनं हात धुतले, चष्मा लावला आणि म्हणाली, “दाखवा.”

मी बुकिंग उघडून मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं तो हातातून घेतला आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचून काढलं.