खांद्याला खांदा

परवा गोखिवऱ्यात एका मयतीला गेलो आणि कापराच्या वासाने मला थेट जुन्या सोपाऱ्यात नेलं. तेव्हा तिथं आमचे शेजारी, बिहारचे सुतार रहीमचाचा, वारले होते. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून जनाज्याची नमाज पढली. नमाज संपवणारा सलाम फिरताच माझे सख्खे मामू म्हणाले, “याला दुसरीकडं न्या. हे कब्रस्तान आपल्या कोकणी जमातीचं आहे.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. अब्बा तेवढे बोलले, “भाई, आपली जमात चुकत असतानाही तिचीच बाजू धरायची, याला असबियत म्हणतात. आपल्या दीनमध्ये, आपल्या धर्मात, तो गुनाह आहे.”

“जमातीच्या कामात दीन आणू नको,” मामू म्हणाले.

तेव्हा मला फक्त मामूंचे शब्द ऐकू आले होते. आता आठवतं, त्यांच्या दाढीवरचं, नमाजेआधी हात-तोंड धुऊन केलेल्या वजूचं पाणी अजून वाळलंही नव्हतं.