माधवीच्या जागा

समोरच्या माधवीच्या लेकीचा, ईशाचा फोन आला तेव्हा मी शारजातल्या आमच्या इमारतीखाली भाजी घेत होते. “मावशी, प्लीज कम अप. मम्मा इजन्ट वेकिंग अप.” दुपारी जेवून जरा आडवी झालेली माधवी उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं, ते मी धड ऐकलंही नाही. महिना होऊन गेला, तरी मनात येतं, हिला याचीही चौकशी करायची असणार... हृदय बंद पडतं म्हणजे आधी नेमकं काय होतं? बाईच तशी. ओव्हन बिघडला की दुरुस्तीवाल्याच्या शेजारी फतकल मारून बसायची.

आमची दारं समोरासमोर, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं. तिचा नवरा चारचौघांत गोड, घरात हात उचलणारा. एकदा त्याने तिचं मनगट मोडलं आणि ईशाने, तेव्हा ती शाळेत होती, सरळ पोलिसांना फोन लावला. प्रकरण कोर्टात गेलं. त्याला घराबाहेर काढलं, त्याच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा लावला आणि माधवीच्या हातात मोबाईलएवढं एक यंत्र दिलं. तो जवळ आला की ते थरथरणार. त्या दिवशी ती खूप रडली. मग डोळे पुसून मला विचारते, “अगं, तो आता आंघोळ कशी करत असेल?” मी कपाळावर हात मारला.

त्याला कुठे कुठे जायला बंदी घालायची ते ठरवायला पोलिसांनी तिला बोलावलं, तेव्हा मी सोबत होते. तिथल्या अधिकारी बाई हिंदी छान बोलायच्या. माधवीने घर सांगितलं, ऑफिस सांगितलं आणि मग धडाधड सुटली. दुबईत अल बर्शातलं गणपती बसतो ते घर, सुट्टीत जेवायला जायचं ते घर, पत्त्यांचा डाव रंगतो ते घर. बाईंनी लिहिणं थांबवलं. “ये सब तो उसके दोस्तों के घर हैं. आप कहाँ जाती हैं?” आपल्याला ‘आम्ही जातो’ म्हणायची सवय, त्या ‘आम्ही’त आपण कितपत असतो हे कोण बघतं? लग्नानंतर ती एकटी, स्वतःच्या मनाने अशी कुठे गेलीच नव्हती. पण तिला लाज वाटली नाही, नवल वाटलं. म्हणाली, “थोडा टाइम दो मॅडम. ढूँढके बताती हूँ.”

आणि खरंच शोधायला लागली की! कधी स्टॉपच्या आधीच बसमधून उतरायची, कधी सुट्टीत सकाळीच गायब. खाडीकाठचा एक बाक सापडला. एक लायब्ररी सापडली. अल बर्शात एका स्विमिंग पूलवर शनिवारी बायकांसाठी वेगळा तास असतो, तो सापडला. पन्नाशीला आलेली बाई, पाण्यात कधी पाय घातला नव्हता. “बुडशील,” मी म्हटलं. “बघू तरी काय होतं,” ती म्हणाली.

पुन्हा गेलो तेव्हा बाईंनी समजावलं, या जागा त्याला सांगाव्या लागतील, नाहीतर तो लांब कसा राहणार? माधवीचा चेहरा उतरला. आईला केलेला फोनसुद्धा जिने लपवला, तिने आपल्या जागा आपण होऊन त्याला कळवायच्या? “जाऊ दे गं,” मी म्हटलं, “घर आणि ऑफिस पुरे.” ती बराच वेळ हातातलं यंत्र उलटसुलट करत बसली. मग म्हणाली, “कळू दे. लपूनच जायचं असेल तर त्या जागा माझ्या कशा?”

यंत्र थरथरलं ते शारजाच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये. तो तेव्हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा, त्या दिवशी कामासाठी इकडे येत होता. त्याची बस येऊन थांबली ती नेमकी हिच्या बसशेजारी. कंट्रोल रूममधून फोन, “मॅडम, आर यू सेफ?” आता काय सांगणार, दोन्ही बस जागच्या हलत नव्हत्या. “हातपाय गार पडले गं,” ती मला सांगत होती. “पण मी खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. आणि खिडकीचा पडदा त्याने ओढला. इतकी वर्षं मला वाटायचं, घाबरायचं काम माझ्याकडेच आहे.” हे ती कितीदा तरी सांगायची, आणि दर वेळी नव्यानेच चकित व्हायची.

पुढे मुदत संपली, यंत्र परत गेलं, तो भारतात निघून गेला. तिच्या जागा मात्र तिने सोडल्या नाहीत. ती गेली, त्याच्या दोन दिवस आधी माझ्याकडे चहा पिताना म्हणाली, “तुला कुणी विचारलं, तू कुठे जातेस, तर काय सांगशील?” मी म्हटलं, घर, ऑफिस... भाजीवाला. ती इतकी हसली की चहा सांडला. “शनिवारी पूलवर चल माझ्याबरोबर.” “इन्शाल्ला,” मी म्हटलं, टाळायचं असलं की इथे आपण सगळेच म्हणतो तसं. तो शनिवार तिने पाहिलाच नाही. मला फार राग येतो याचा.

तिची निळी पोहायची टोपी त्यांच्या बाथरूममध्ये खिळ्याला तशीच होती. ईशाने ती माझ्या हातात दिली. “मावशी, यू गो. आय कान्ट.” गेल्या शनिवारी गेले. टोपी घट्ट, कान दुमडले. छातीभर पाण्यात दांडी धरून उभी होते, तर शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, इथलं कुणी सांगितलं? “मेरी सहेली की जगह है ये,” मी म्हटलं. तिने टोपीकडे पाहिलं. “माधवी दीदी? आजकल आती क्यूँ नहीं?”

मी सांगितलं. तिने हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, “यल्ला, चलो.” मी दांडी सोडली.